रक्षण आणि राबता

सरकारी चाकरीत ज्यांची हयात गेली, अशा आमच्यासारख्या माणसांना ‘ताबा’ ह्या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही. बदली होऊन नव्या गावी गेल्यावर पहिल्या दिवशी आपण जे करतो ते ताबा घेणे, आणि गाव सोडताना शेवटच्या दिवशी जे करतो ते ताबा देणे. मधल्या तीन वर्षांत कपाटे, कागद, कुलुपे आणि किल्ल्या यांची बेरीज बिघडली नाही की आपण कर्तव्यातून मोकळे झालो, असे आपल्याला शिकविलेले असते. वस्तू होती तेवढी आहे, होती तेथे आहे, आणि वहीत लिहिली आहे तशी आहे. यापलीकडे त्या वस्तूचे आपण आणखी काही देणे लागतो काय, हा प्रश्न कचेरीत कोणी विचारीत नाही. तो विचारला जावा असे आम्हांस वाटू लागले, त्याला एक सहल निमित्त झाली.

तिरुचिरापल्लीत नोकरीनिमित्त राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबे. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी आयकरात, कोणी कारखान्यात. पौषातल्या एका रविवारी बस ठरवून आणि एक वाटाड्या बरोबर घेऊन आम्ही तंजावर, स्वामिमलै आणि दारासुरम् ही तीन गावे दिवसभरात पाहून आलो. एका दिवसात तीन गावे पाहणे म्हणजे पाहणे नव्हे, असे म्हणणारे म्हणोत. नोकरदाराला रविवार एकच असतो. शिवाय घाईच्या पाहण्यातही एक गुण आहे. सवडीने पाहिले असते तर जे निरनिराळे वाटले असते, ते एकाच दिवशी शेजारी शेजारी येऊन उभे राहते आणि एकमेकांस प्रश्न विचारू लागते. त्या दिवशी देव आम्हांला दोन ठिकाणी भेटला: देवळात आणि संग्रहालयात. तिसऱ्या एका ठिकाणीही तो आहे असे कळले. पण तेथे सर्वसामान्यांना प्रवेश नसतो. ह्या तिहींपैकी कोणत्या ठिकाणी त्याचे खरे रक्षण झाले आहे, असा तो प्रश्न आहे. वरवर पाहता तो पुराणवस्तू खात्याचा प्रश्न वाटेल. आमच्या मते तो नीतीचा प्रश्न आहे.

तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ राजराज चोळाने बांधले आणि इ. स. १०१० च्या सुमारास ते पुरे झाले. त्याचे शिखर सुमारे २१६ फूट उंच आहे. पाहणाऱ्याची मान आपोआप वर जाते. पण आमचा वाटाड्या पूर्वीचा शाळामास्तर. त्याने आमच्या माना खाली वळविल्या. “सार, शिखर सगळेच पाहतात. तुम्ही जोते पाहा,” तो म्हणाला. जोत्यावर तमिळ अक्षरांच्या ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत. आपण काय दिले, आपल्या थोरल्या बहिणीने काय दिले, राण्यांनी काय दिले आणि इतरांनी काय दिले, हे सारे दगडावर उतरवावे अशी राजाची आज्ञा त्यांत आहे. दागिन्यांची वजने आहेत, मोत्यांची मोजदाद आहे. देवाच्या सेवेसाठी गावोगावच्या देवळांतून आणून वसविलेल्या चारशे नर्तकींची नावे त्यांच्या घरांसह आहेत. एक दिवा अखंड तेवत राहावा म्हणून गुराख्याच्या हवाली ९६ मेंढ्या कराव्यात, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी, आणि त्याने तुपाचा रतीब चुकवू नये, असा हिशेबही आहे. धातूच्या मूर्ती दिल्या त्यांची उंची किती, हात किती, बरोबर कोणती देवता, हेही लिहून ठेवले आहे.

आमच्यात लेखापरीक्षण खात्यातले एक गृहस्थ होते. ते त्या ओळींपुढे हात जोडून उभे राहिले. हजार वर्षांपूर्वीचे असे चोख ‘डेड स्टॉक रजिस्टर’ आपल्या नोकरीत आपण पाहिले नाही, असे ते म्हणाले. त्यावर वाटाड्याने शांतपणे सांगितले की, ह्या यादीतल्या धातुमूर्तींपैकी आज बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. यादी मात्र शाबूत आहे. क्षणभर आम्ही सर्वच गप्प झालो. नोंद ही रक्षणाचे साधन असते. पण नोंद म्हणजे रक्षण नव्हे, हे त्या दगडाइतके स्पष्टपणे आम्हांला कोणत्याही परिपत्रकाने सांगितले नव्हते.

मग त्या आवारात टिकले काय? टिकले ते ज्याच्यावर रोज हात पडत राहिला ते. चोळ गेले, पांड्य आले. नायक आले, मराठे आले. प्रत्येकाने तेथे काही ना काही केले. मोठा नंदी नायकांच्या काळातला, सुब्रह्मण्याचे नाजूक देऊळही त्यांचेच. गणपतीच्या देवळाला आजचे रूप आले ते मराठ्यांच्या अमदानीत. रोजचे अभिषेक चालू राहिले. आता राबता म्हणजे निव्वळ लाभ असे मात्र नाही. गर्भगृहाभोवतीच्या बोळातल्या चोळांच्या चित्रांवर नायकांनी आपली चित्रे काढली, आणि जुनी चित्रे त्यांखाली दिसेनाशी झाली. १९३१ साली ती एका अभ्यासकाच्या दृष्टीस पडली, तोवर ती तेथे आहेत हेही कोणाच्या ध्यानात नव्हते. वापराने वस्तू झिजते, काजळते, झाकलीही जाते. हे मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

त्याच आवारात मराठी शिलालेख आहे. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास तेथे कोरविला. मराठीतील सर्वांत दीर्घ शिलालेख म्हणून तो प्रसिद्ध आहे. परमुलुखात देवनागरी अक्षर दिसताच आपले पाय कसे झरझर उचलतात, हे परप्रांती राहिलेल्या वाचकांस सांगायला नको. वाटाड्यालाही ते ठाऊक असावे; त्याने भिंतीकडे बोट दाखवून “सार, हे तुमचे” असे म्हटले, आणि आमच्या मंडळींनी तेथे जितका वेळ घालविला तितका इतर कोठेही घालविला नाही. त्यात वावगे काही नाही. परंतु तंजावरच्या भोसल्यांकडून घेण्यासारखे ह्या लेखाहून मोठे असे काही आहे. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी येथे राज्य स्थापिले. १७९९ साली राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. १८५५ साली वारस नाही म्हणून नावापुरती उरलेली गादीही खालसा झाली. सत्ता गेली, पण राजवाड्याच्या देवस्थानाखालील ८८ देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्तपण त्या घराण्याकडे राहिले, आणि त्यांतच हे मोठे देऊळही आहे. परक्या मुलुखात येऊन जे राज्य मिळविले ते पावणेदोनशे-ऐंशी वर्षांत संपले. जे सांभाळावयास घेतले ते मात्र अजून चालू आहे. राजा आणि विश्वस्त यांतला फरक इतिहासाने येथे आपल्याला फार स्वच्छ करून दाखविला आहे.

देवळातून निघून आम्ही राजवाड्यात गेलो. तेथल्या जुन्या दालनांत १९५१ साली तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने कलासंग्रहालय उभे राहिले. जिल्ह्यात शेतांत, पडक्या देवळांत, तळ्यांच्या काठी बेवारशी पडलेल्या मूर्ती येथे आणल्या गेल्या. सरकारी माणसाने आपल्या अधिकाराचा असा उपयोग केलेला पाहून आम्हां सर्वांनाच धन्यता वाटली. आणि त्या मूर्ती! आम्ही कलासमीक्षक नव्हे. पण तिरुवेण्काडूच्या जमिनीतून वर आलेला ऋषभवाहन शिव पाहिल्यावर समीक्षेची गरजही उरत नाही. ही मूर्ती इ. स. १०११ ची, आणि शेजारची पार्वती १०१२ ची. जटा नागांनी गुंडाळून पागोट्यासारख्या बांधलेल्या, एक पाय दुसऱ्यावरून आडवा टाकलेला, आणि एक हात नंदीच्या पाठीवर सैल टेकलेला. नंदी मात्र नाही. तो कधीच नाहीसा झाला. देव हवेवर हात टेकून उभा आहे आणि त्याच्या मुद्रेवर त्याची यत्किंचितही तक्रार नाही.

ह्या मूर्तींच्या बैठकींना भोके आणि कड्या आहेत. उत्सवाच्या दिवशी त्यांत दांडे घालून देवाला खांद्यावरून मिरवीत नेत. त्या वेळी मूर्ती वस्त्रांनी, फुलांनी आणि दागिन्यांनी इतकी झाकलेली असे की, भक्ताला दिसे तो केवळ मुखडा. तेव्हा शिल्पकाराने घडविलेली कंबर, पाठ, पोटऱ्यांची ठेवण ही ज्यांच्यासाठी मूर्ती झाली त्यांनी क्वचितच पाहिली असेल; ती आपण पाहतो. संग्रहालयाने देवाचे वस्त्र काढून घेतले हे खरे. पण त्याच योगाने एका अनामिक कारागिराला प्रेक्षक मिळवून दिला, हेही खरे. संग्रहालयावर टीका करणाऱ्याने हे विसरू नये.

आम्ही तेथे उभे असता खेड्यातली एक वृद्ध बाई आत आली. तिच्याबरोबरची माणसे पुढे गेली; ती शिवापाशी थांबली. तिने पदराआडून मोगऱ्याचा एक तुकडा काढला, चौथऱ्याशी ठेवला, गालांवर हळूच चापट्या मारून नमस्कार केला, आणि ती निघून गेली. संग्रहालयात फुले वाहण्यास मनाई असते. पहारेकऱ्याने हे सर्व पाहिले होते. पण ती असेपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला. ती गेल्यावर त्याने तो गजरा उचलला. केराच्या टोपलीपर्यंत गेला, थबकला, आणि परत येऊन तो त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. नियम मोडला गेला काय? गेला. कर्तव्यात कसूर झाली काय? आमच्यातल्या दहा जणांनी ह्याची दहा उत्तरे दिली.

बस स्वामिमलैकडे निघाली आणि वादाला रंग चढला. लेखापरीक्षकांचे म्हणणे सरळ होते. “बाई, देवच गेला तर पूजा कुणाची करणार? आधी जिवंत ठेवा, मग जेवायला घाला.” ज्यांना उद्देशून ते बोलले त्या एका सहकाऱ्याच्या पत्नी, आणि स्वतः शिक्षिका. त्या म्हणाल्या, “साहेब, जेवायला न घालता जिवंत कसा ठेवता, तेवढं सांगा.” मंडळी हसली, पण दोन्ही वाक्ये हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एका पक्षाचे म्हणणे असे की, वस्तूचे अस्तित्व हे तिच्या अर्थाच्या आधी येते. ती राहिली तर अर्थ पुढेमागे पुन्हा जोडता येईल, गेली तर कोणालाच काही करता येणार नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, अर्थ हेच तिचे अस्तित्व. पूजेवाचून मूर्ती म्हणजे अमुक इतके शेर पंचधातू, आणि त्याचे रक्षण तर सोनारही करतो.

वाटाड्याने आमच्या वादाचा विषय विचारून घेतला, आणि ह्याच टापूतल्या दोन हकिकती सांगितल्या. त्या सर्वश्रुत आहेत. पण येथे त्या जोडून ठेवणे अवश्य आहे. १९७६ साली पत्तूर गावी एका मजुराला खणताना नटराजाची मूर्ती सापडली. ती हातोहात विकली जाऊन लंडनला पोचली आणि तेथे पोलिसांनी ती जप्त केली. खटला उभा राहिला. पडक्या का होईना, पण त्या देवळाचा मूर्तीवर हक्क आहे, असे १९८८ साली आणि पुन्हा अपिलात १९९१ साली इंग्रजी न्यायालयाने मान्य केले, आणि नटराज स्वदेशी आला. परंतु तो पत्तूरच्या देवळात गेला नाही. ते देऊळ त्याला सुरक्षित ठेवण्यासारखे नव्हते. म्हणून त्याची रवानगी मूर्तींच्या सुरक्षा-केंद्रात झाली. तिरुवारूरसारख्या ठिकाणी अशी केंद्रे आहेत. ज्या देवळांना दार धड नाही, पुजारी नाही, पहारा नाही, त्यांच्या मूर्ती तेथे कुलुपात ठेवतात. दुसरी हकिकत अरियलूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंदान गावची. तेथल्या जुन्या शिवालयातला नटराज चोरीला गेला आणि २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो ५१ लक्ष डॉलर देऊन विकत घेतला. २०१४ च्या सप्टेंबरात तो परत मिळाला. ह्यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, चोरी झाल्यावर दीर्घकाळ ती कोणाला कळलीच नाही. देऊळ बंद पडलेले होते, पूजा थांबलेली होती. दार उघडले तेव्हा आत देव नव्हता.

पहिली हकिकत लेखापरीक्षकांची बाजू घेते: रक्षणाची सोय नसेल तर देवाला घरी पाठविणे हा क्रूरपणा होय. दुसरी बाईंची बाजू घेते: जेथे रोज दिवा लागतो तेथली चोरी दुसऱ्या सकाळी कळते, जेथे दिवा लागत नाही तेथली दोन वर्षांनीही कळत नाही. रोजची पूजा म्हणजे रोजचा पंचनामाच नव्हे काय? ज्या वस्तूची कोणाला गरज पडत नाही, ती नाहीशी झाल्याचेही कोणाला समजत नाही. राबता हा रक्षणाचा शत्रू आहे असे आपल्याला कचेरीत वाटते. वस्तुतः तो सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त पहारेकरी आहे. चालत्या देवळांतूनही चोऱ्या होतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण तेथे चोराच्या मागे धावणारे कोणीतरी असते.

ह्या दोन पक्षांचा मेळ कोठे बसतो, ह्याचे उत्तर आम्हांला आगमग्रंथांतल्या एका विधीत सापडते. शत्रूची स्वारी येत असेल तर उत्सवमूर्ती भूमीत लपवाव्यात, असे त्या ग्रंथांत सांगितले आहे. चौदाव्या शतकात दक्षिणेवर स्वाऱ्या होऊ लागल्या तेव्हा अनेक देवळांनी तेच केले. आज शेतांत मूर्ती सापडतात त्या बऱ्याचशा अशाच निजविलेल्या. ह्या विधीतला आशय मार्मिक आहे. संकट आहे तोवर भूमीच्या कुशीत शयन कर, अशी देवाची विनवणी केलेली असते. ‘संकट आहे तोवर’, ह्या तीन शब्दांत सर्व काही आले. लपविणे हे पूजेच्या विरुद्ध नाही, कारण त्याला मुदत आहे. लपविणाऱ्याने देवाला पुरले नाही, निजविले. आणि निजविणारा उठविण्याची जबाबदारी घेतो. पुढे लपविणारे मेले, जागा विसरली गेली, आणि एका रात्रीची झोप सहाशे वर्षांची झाली, हा दैवदुर्विलास. त्यांच्या मनात मुदत होती. आठवण ठेवणारे उरले नाहीत.

आमच्या मते येथेच नीतीची रेषा आहे. रक्षण हे नेहमी उसने घेतलेले असते. देवाला, ग्रंथाला, गाण्याला, चालीरीतीला त्याच्या नित्याच्या जागेवरून उचलून सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा अधिकार आपल्याला संकट देते. आणि तो अधिकार संकटाइतकाच टिकाऊ असतो. ज्याने वस्तू सांभाळावयास घेतली त्याने ती कोणासाठी आणि कोठवर घेतली हे विसरताच तो विश्वस्ताचा मालक होतो. आणि आपण मालक झालो आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही, कारण त्याची वही बरोबर जुळत असते. चोर वस्तू नेतो तेव्हा सर्वांना कळते. विसराळू रक्षक ती नेतो तेव्हा कोणाला कळत नाही. वस्तू तर जागच्या जागी असते.

स्वामिमलैला आम्ही मूर्ती ओतणाऱ्यांची कार्यशाळा पाहिली. मेण आणि राळ एकत्र करून मूर्ती घडवितात, तीवर कावेरीच्या गाळाची मऊ माती लिंपतात, तापवून मेण वाहून जाऊ देतात, आणि रिकाम्या झालेल्या साच्यात धातू ओततात. मापासाठी नारळीच्या पात्याची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापून तिला घड्या घालतात. ही रीत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त वर्णिली आहे. शेवटी साचा फोडावा लागतो. एका साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. म्हणजे येथे सांभाळून ठेवण्यासारखी वस्तू काही नाही. साचा नाही, मेण नाही. आहे ते हातातले कसब, आणि ते रोज वापरले तरच असते. हजार वर्षे ही कला कुलुपाविना राहिली. तिला राहावयाला तोच एक मार्ग होता.

उतरत्या उन्हात दारासुरम् गाठले. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वराचे देऊळ. मंडपाला दगडी चाके आणि घोडे, जणू रथच. २००४ साली त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. हिरवळ सुरेख राखलेली, दगड स्वच्छ. परंतु सकाळी संग्रहालयात पाहिलेली गजासुरसंहाराची मूर्ती आणि ऋषिपत्न्यांची शिल्पे मूळची येथली. हत्तीच्या कातड्यातून उसळून वर येणारा तो शिव सकाळी किती पूर्ण वाटला होता! येथे त्याच्याविना भिंत तितकी पूर्ण वाटत नव्हती. तिरुवेण्काडूच्या देवाला नंदी नव्हता. दारासुरमच्या देवळाला देव नव्हता. जे संग्रहालयात आहे ते पाहताना, जे तेथे नाही तेही डोळ्यांपुढे आणणे हे पाहणाऱ्याचे देणे होय. मूर्तीला तेथे ना अभिषेक ना नैवेद्य; तिच्या वाट्याला येते ती एकच सेवा, आणि ती म्हणजे आपली नजर. तीही आपण उडती दिली तर तेथे ठेवलेला देव दुहेरी उपाशी राहतो.

आता हा विचार घराशेजारी आणतो. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते तीन हजारांवर आहेत, आणि मोडी दफ्तराचे रुमाल हजाराच्या वर. १९१८ साली ते ग्रंथालय सर्वांना खुले झाले. वाळवीपासून, पाण्यापासून, चोरापासून ते जपले गेले आहेत, आणि हे जपण्याचे श्रेय मुख्यतः तमिळ माणसांना आहे, ही कृतज्ञतेने सांगण्याची गोष्ट. रुमाल बांधलेले आहेत. ते सोडून मोडी वाचू शकणारे मात्र थोडे. तमिळ खेड्यातला देव कुलुपात गेला तर त्याची चर्चा आम्ही तटस्थपणे करू शकलो. आपल्या कागदांविषयी तोच प्रश्न आला तेव्हा बसमधला आवाज खाली आला. आणि आणखी आत यावयाचे तर आपल्या घरांतली मराठी आहे. परप्रांती वाढलेल्या आपल्या मुलांसाठी आपण ती सुरक्षित ठेवली आहे: कपाटात ज्ञानेश्वरी, भिंतीवर दिनदर्शिका, गणेशोत्सवात एक नाटक. नोंदवहीप्रमाणे सर्व जागच्या जागी आहे. परंतु भांडणात, लाडात, हिशेबात आणि आजारपणात मुलांच्या तोंडी जी भाषा येते ती कोणती, ह्यावर ती राबत्यात आहे की मालखान्यात, हे ठरते.

सर्व मूर्ती उद्याच्या उद्या गावोगाव पाठवाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. ज्या गावी पुजारी नाही आणि दाराला कडी नाही तेथे देव पाठविणे म्हणजे त्याला पुन्हा लंडनच्या वाटेला लावणे. पण मध्यम मार्ग आहेत, आणि ते खर्चाचे नाहीत. काही गावांचे देव उत्सवापुरते पहाऱ्यात घरी जाऊन येतात. ही रीत वाढावी. संग्रहालयातल्या पाटीवर उंची आणि शतक असते, तसे गावाचे नाव ठळक असावे, म्हणजे त्या गावच्या माणसाला आपला देव ओळखता येईल. मोडीचा रुमाल सोडणाऱ्या एका तरुणाला वर्षभराची वृत्ती मिळावी. आणि गजरा ठेवणाऱ्या म्हातारीसाठी खिडकीच्या कट्ट्याऐवजी एक तबक असावे.

ह्या मासिकाचे वाचक बहुतेक असे आहेत की, कोठे ना कोठे, कशाचा ना कशाचा ताबा त्यांच्या सहीने बदलतो: कोणाची जमीन, कोणाचे दफ्तर, कोणाचे जंगल, कोणाचा देव. सही करताना आपण वस्तूचे वर्णन लिहितो, संख्या लिहितो, तारीख लिहितो. त्याखाली आणखी एक ओळ लिहिण्याची प्रथा पाडावी, एवढीच आमची विनंती आहे: हे कोणासाठी ठेवले, आणि कोणते संकट टळल्यावर परत द्यावयाचे. आपण तीन वर्षांनी निघून जाऊ. ज्याला आपल्यामागून ताबा मिळेल, त्याला किल्लीबरोबर ती ओळही मिळावी.